बायनरी मोडायची म्हणता आणि 'बाई-पुरुष' पण करता, हे कसं काय?

एका विद्यार्थ्याकडून प्रश्न थोडक्यात असा आलाय. एम.ए.ला समाजशास्त्र आहे, नोट्समध्ये "स्त्रीवाद परस्परविरोधी सामाजिक वर्गवारीला आव्हान देतो" असं एक वाक्य आहे, सरांनी स्त्री-पुरुष, निसर्ग-संस्कृती, घर-बाहेर, भावना-बुद्धी अशा जोड्या (बायनरी म्हणतात ते हेच) फळ्यावर लिहून दिल्या आणि तास संपला. आव्हान देतो म्हणजे नेमकं करतो काय? आणि दुसरं, स्त्रीवाद स्वतःच जगाची बाई आणि पुरुष अशी वाटणी करून बोलतो, मग तो कुठल्या तोंडाने जोड्या मोडणार?

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, त्याच्याकडे येतेच. मी पुण्यात बरीच वर्षं लिंगभावाची (जेंडरची) ट्रेनिंग घेते, येरवड्याच्या बचतगटापासून हिंजवडीच्या कंपन्यांपर्यंत, आणि हा प्रश्न हमखास येतो. फरक एवढाच की वस्तीत तो एखादी बाई खरंच कोडं पडल्यासारखा विचारते आणि कंपनीत मागच्या रांगेतला कुणीतरी "आता पकडलं" अशा सुरात विचारतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जोडीला आव्हान देणं म्हणजे "बाई आणि पुरुष सेमच आहेत, काही फरकच नाही" असं म्हणणं नव्हे. फरक आहेतच की, माणसामाणसांत ढीगभर फरक आहेत. मुद्दा असा आहे की त्या ढिगातला एक फरक उचलायचा, त्याची रेघ मारायची, रेघेच्या एका बाजूला मान आणि पैसा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला काम ठेवायचं, आणि मग म्हणायचं की ही रेघ काय आम्ही मारली नाही, ती निसर्गाचीच आहे. स्त्रीवाद या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतो.

ट्रेनिंगमध्ये मी फळ्याचे दोन भाग करते आणि लोकांना शब्द सांगायला लावते. पुरुषाच्या खाली येतं कणखर, कमावता, हिशेबी, व्यवहारी. बाईच्या खाली सोशिक, प्रेमळ, भावनिक, घर सांभाळणारी. दरवेळी हेच, वस्ती असो की आयटी. मग मी विचारते की तुमच्या घरात गॅस कधी संपणार, भिशीचा हप्ता कधी, वाण्याची उधारी किती झाली, दिवाळीपर्यंत पैसे कसे पुरवायचे हे कोणाच्या डोक्यात असतं? आई, बायको. मग 'हिशेबी' शब्द इकडे आणू का? एका कंपनीत एक गृहस्थ मनापासून म्हणाले, "नाही मॅडम, तो हिशेब नाही, ते घर चालवणं झालं." बास, अख्खा विषय या एका वाक्यात आहे. तेच कौशल्य, पण ते कोण वापरतंय त्यावर त्याचं नाव बदलतं, आणि नावासोबत त्याची किंमत पण बदलते. दुसरी गंमत म्हणजे 'भावनिक'च्या यादीत राग कधीच येत नाही. सिंहगड रोडला गाडीला गाडी घासली की भर ट्रॅफिकमध्ये उतरून समोरच्याची कॉलर धरणारा माणूस भावनिक नसतो, तो तापट असतो. मीटिंगमध्ये डोळ्यात पाणी आलेली मुलगी मात्र भावनिक. राग ही भावना नाही असं कोणी ठरवलं?

आता घर आणि बाहेर ही जोडी घेऊ, कारण पैसा तिथे दिसतो. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. समजा एक बाई सकाळी घरच्या पोळ्या लाटते, मग केंद्रावर जाऊन दुपारपर्यंत पोळ्या लाटते. तीच बाई, तेच हात, कणीक पण तीच. केंद्रावरच्या पोळ्या म्हणजे रोजगार, घरच्या पोळ्या म्हणजे काहीच नाही, "ती घरीच असते". पिगू नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1920 च्या आसपासच ही विसंगती नोंदवून ठेवलीय की एखाद्याने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटतं. काम कमी झालं नाही, नुसता पगार थांबला. त्याने नोंद केली आणि पुढे गेला, साठ-सत्तर वर्षांनी मेरिलिन वॉरिंग या न्यूझीलंडच्या माजी खासदार बाईंनी त्याच विसंगतीवरून देशोदेशीच्या हिशेबाच्या पद्धतीलाच धारेवर धरलं.

आपल्याकडचे आकडे बघा. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 97. हे सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यातली सरासरी बरं का, मुळात करणारेच 26 टक्के होते, बायका 81 टक्के. 2024 च्या पाहणीत हे 289 आणि 88 झालं, म्हणजे दोघांचंही थोडं कमी झालं आणि दरी जवळपास तीच राहिली. आणि 2001 च्या जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांमध्ये टाकलं होतं, त्याच गटात भिकारी आणि कैदी पण. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये एका अपघात भरपाईच्या केसमध्ये यावर चांगलेच ताशेरे ओढले. पुढे 2021 च्या जानेवारीत परत एका अपघाताच्याच केसमध्ये कोर्टाने गृहिणीचं उत्पन्न का धरायचं हे सांगताना त्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. म्हणजे आपल्याकडे बाईच्या घरकामाला रुपयात किंमत कधी लागते, तर ती ट्रकखाली गेल्यावर. कडू आहे पण आहे.

म्हणून आम्ही लोक जोडी दिसली की पहिल्यांदा हे बघतो की एका बाजूचं कुठलं ओझं दुसऱ्या बाजूने उचललंय. 'कमावता' माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन बाहेर पडतो तेव्हा तो स्वतंत्र, स्वावलंबी वगैरे दिसतो, आणि त्याला तसं दिसता यावं यासाठी जी राबते ती 'अवलंबून'. अवलंबून नक्की कोण आहे? हा प्रश्न विचारला की जोडी डळमळते, त्यासाठी फार मोठी थिअरी लागत नाही.

थिअरीचं नाव पेपरात लागतंच, तर पटकन सांगते. फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हार यांनी 1949 मध्ये मांडलं की पुरुष हा मापदंड धरला जातो आणि बाई म्हणजे त्या मापातून जी 'इतर' ठरते ती. 1974 मध्ये शेरी ऑर्टनर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं की जगभर बाईला खालचं स्थान का, आणि उत्तर दिलं की बाईला निसर्गाच्या जवळची मानतात, पुरुषाला संस्कृतीच्या, आणि सगळे समाज संस्कृतीला वर ठेवतात. इथपर्यंत तुमच्या नोट्समध्ये असेलच. पुढचं बहुतेक नसेल, आणि तेच महत्त्वाचं आहे. 1980 मध्ये मेरिलिन स्ट्रॅदर्न या दुसऱ्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी पापुआ न्यू गिनीतल्या हागेन लोकांचा दाखला देऊन म्हटलं की अहो, या लोकांकडे 'निसर्ग विरुद्ध संस्कृती' ही अशी जोडीच नाहीये, ती तुमच्या युरोपातल्या डोक्यातली आहे आणि तुम्ही ती जगभर चिकटवताय. म्हणजे स्त्रीवाद्यांनी स्त्रीवाद्यांचीच जोडी तपासली.

आणि आपल्याकडे तर याहून मजेशीर उदाहरण पडलंय. पाश्चात्य विचारात पुरुष म्हणजे कर्ता, सक्रिय, आणि बाई निष्क्रिय. सांख्य या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानात नेमकं उलटं, प्रकृती (म्हणजे सृष्टीचं मूळ जड तत्त्व) सगळं करते आणि पुरुष नुसता साक्षी, बघत बसलेला. आता सक्रिय असणं हेच जर श्रेष्ठत्वाचं कारण असेल तर सांख्यात प्रकृती वर जायला हवी होती. पण नाही, तिथे मोक्ष म्हणजे पुरुषाने आपण प्रकृतीपासून वेगळे आहोत हे ओळखणं. सांख्यातला पुरुष म्हणजे काही मिशीवाला माणूस नव्हे, चैतन्य, हे मला माहितीये, कमेंटमध्ये येऊ नका लगेच. पण गुण इकडचे तिकडे झाले तरी बाईच्या नावाने जे काही आलं ते खालीच राहिलं, हे दिसतंय ना? गुणांमुळे पायरी ठरत नाही, पायरी आधी ठरते आणि गुण नंतर वाटले जातात.

इतिहासात हे सगळं आपल्या पुण्या-मुंबईतच घडलेलं आहे. 1891 चा संमतिवयाचा कायदा, मुलीचं शरीरसंबंधाला (लग्नातल्याही) संमतीचं वय 10 वरून 12 करायचं होतं. टिळकांचा विरोध, आगरकरांचा पाठिंबा. विरोधातला मोठा मुद्दा हा की घर, धर्म, लग्न हे आमच्या आतलं क्षेत्र, इथे परक्या सरकारने पाय ठेवायचा नाही. त्याआधी रखमाबाईंचा खटला झाला, लहानपणी झालेलं लग्न, नवऱ्याकडे जायला नकार, 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. (पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.) म्हणजे 'घर ही खाजगी बाब' म्हणणाऱ्यांना तिला घरात पाठवायला कोर्ट चालत होतं. पुरुष तक्रार करायला कोर्टात गेला तर ते सार्वजनिक, बाईने तक्रार केली की ते घरातलं. ही रेघ तेव्हाही सोयीप्रमाणे सरकायची, आजही चौकीत "घरचं भांडण आहे, आपसात मिटवा" म्हणतात तेव्हा तीच सरकते.

जाता जाता एक. पुण्यात हा विषय काढला की लोक लगेच टिळक विरुद्ध आगरकर असा सामना लावतात. ती पण एक जोडीच, आणि तिच्यात कोण मावत नाही बघा. 1848 ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे आणि 1863 ला विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवणारे सावित्रीबाई आणि जोतिराव त्या सामन्यात कुठेच बसत नाहीत. ताराबाई शिंदे पण नाहीत. बुलढाण्याच्या ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेच्या एका तरुण विधवेला बाळ मारल्याबद्दल झालेली फाशीची शिक्षा, जी नंतर जन्मठेपेत बदलली. ताराबाईंची पद्धत मला अजून कुणाही परदेशी थिअरिस्टपेक्षा आवडते. बायकांवर जे जे दोष लादतात ते एकेक घ्यायचे, कपट, अविचार, व्यभिचार वगैरे, आणि विचारायचं की बोला, हे पुरुषात नाही का? तोच गज उचलून दोन्हीकडे लावायचा. जोडी खोटी आहे असं नुसतं म्हणण्यापेक्षा हे फार जास्त झोंबतं.

आता जोडीचा सगळ्यात चलाख उपयोग सांगते, तो कायद्यात होतो. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा खटला, सुप्रीम कोर्ट, 1981. नियम असा की हवाईसुंदरीने 35 व्या वर्षी रिटायर व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली की, जे आधी होईल ते. विमानात तशाच प्रकारचं काम करणारे पुरुष फ्लाइट पर्सर, त्यांचं निवृत्तीचं वय 58. बायका म्हणाल्या हा भेदभाव आहे. कोर्टाने गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरवून काढून टाकली हे चांगलं केलं, पण मूळ मुद्द्यावर काय म्हटलं, तर पर्सर आणि होस्टेस हे दोन वेगवेगळे वर्ग आहेत, भरती वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या, म्हणून तुलनाच होत नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट सुद्धा राहिली. कळलं का काय झालं ते? आधी कंपनीने बाई आणि पुरुषांसाठी दोन रकाने केले, आणि मग रकाने दोन आहेत म्हणून वागणूक वेगळी असली तर चालतं. वर्गवारी हा भेदभावाचा पुरावा असायला पाहिजे होता, ती भेदभावाची सबब झाली.

इथेच 'समानता की वेगळेपण' नावाचा जुना वाद येतो. समान हक्क हवेत म्हणता, मग बाळंतपणाची रजा कशाला? वेगळ्या आहात म्हणता, मग पगार वेगळा का नको? हा सापळा आहे, आणि जोन स्कॉट या इतिहासकार बाईंनी 1988 मध्ये तो छान उलगडून दाखवला. समानतेच्या विरुद्ध टोकाला विषमता असते, वेगळेपण नसतं. समान वागवा असं आपण मुळात वेगळ्या असलेल्या माणसांबद्दलच म्हणतो, सगळे सारखेच असते तर ती मागणी करायची वेळच आली नसती.

या सगळ्यात एक शॉर्टकट असतो, जोडी उलटी करायची. बाईच खरी श्रेष्ठ, मायाळू, शक्तीचं रूप, एका वेळी दहा कामं करणारी. 8 मार्चला ऑफिसात गुलाबी फुगे लावून हेच भाषण असतं आणि मला पण बोलावतात, मी जाते, केक खाते आणि पाळणाघराचं काय झालं विचारते. उलटी केलेली जोडी ही जोडीच राहते, फक्त खालच्या मजल्याला रंग दिलेला असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मग 'बाई' हा शब्द तरी का वापरता? कारण नुकसान त्या नावाने झालंय. 35 व्या वर्षी घरी पाठवली ती बाई म्हणून, 299 मिनिटं मोजायची तर बाई असा रकाना लागतोच. रकाना काढून टाकला की अन्याय जात नाही, तो मोजता येत नाही एवढंच होतं. जातीचंही असंच आहे, "आम्ही जात मानत नाही" म्हणून जातीची आकडेवारीच नको म्हणणारे बहुतेक कोण असतात ते तुम्हीच बघा. पण (आणि हे 'पण' मोठं आहे) आपण वापरतोय तो रकाना सगळ्यांना सामावतो का हे स्त्रीवादाला सतत तपासावं लागतं, आणि तो स्वतःहून तपासत नाही, कुणीतरी बाहेरून दार वाजवावं लागतं.

महाराष्ट्रात ते दलित बायकांनी वाजवलं. 'बाईला उंबऱ्याच्या आत कोंडलं' हे वाक्य ज्या बाईच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि रस्त्यावर राबल्या तिला कसं लागू होणार? तिच्यावरचा अत्याचार वेगळ्या रस्त्याने आला. आपल्याच पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे होत्या, 2013 मध्ये गेल्या, त्यांनी नव्वदच्या दशकात हेच लावून धरलं की दलित बायकांच्या जगण्यातून बघितलं तर फक्त एक जादा मुद्दा यादीत येत नाही, अख्खं चित्रच बदलतं. वाचायचंच असेल तर इथून सुरू करा, बोव्हार नंतर वाचली तरी चालेल.

कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका घ्या. त्या गृहिणी नाहीत, घराबाहेर आहेत. कामगार म्हणावं तर मालक कुठाय? लोकांनी एक तिसरं नाव दिलं होतं, चोर, आणि पोलिस पण तसंच वागवायचे. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, सभासद बहुतांश दलित बायका, आणि त्यांनी आधी मागितलं काय तर फोटोचं ओळखपत्र. थिअरीवाले म्हणतील, बघा, वर्गवारी मोडायची सोडून नवीन वर्गवारीच मागितली. मला तर ते फार शहाणपणाचं वाटतं, कारण 'कचरेवाली' हे नाव लोकांनी ठेवलेलं आणि कार्डावरचं 'कचरावेचक' हे नाव कामाचं, आपण मागून घेतलेलं. 2008 मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घेऊन त्यांनी महापालिकेशी घरोघर कचरा गोळा करायचा करार केला. घाण करणारे स्वच्छ आणि ती उचलणारे घाण, ही पण एक जोडीच होती आणि आहे.

चांगली बाई आणि वाईट बाई ही जोडी तर सरळ कायद्यात आली होती. 2005 मध्ये राज्य सरकारने डान्सबारवर बंदी घातली, बायकांची प्रतिष्ठा वगैरे कारण, पण त्याच दुरुस्तीत थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट. नाच तोच, मग प्रतिष्ठा तिकडे कशी जात नाही? हायकोर्टाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ते कायम ठेवलं. आणि तेव्हा स्त्रीवादी चळवळीतही दोन तट पडले होते, एक म्हणे हे शोषण आहे, दुसरं म्हणे हा त्यांचा रोजगार आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे स्वीकारायला आम्हाला पण जड गेलं, कारण पीडित नाहीतर स्वतंत्र, असे दोनच रकाने डोक्यात होते.

"पण शरीर? ते तर निसर्गाचंच ना?" हे येणारच, म्हणून एवढं सांगून थांबते. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने महिला गटासाठी टेस्टोस्टेरॉनची (पुरुषांत सहसा जास्त असणाऱ्या हार्मोनची) मर्यादा ठरवली, 2011 मध्ये 10, 2018 मध्ये काही ठराविक शर्यतींपुरती 5, 2023 मध्ये 2.5 (हे आकडे लिटरमागे नॅनोमोलचे). 2025 पासून थेट जनुकाची चाचणी. आपल्या धावपटू द्युती चंदला 2014 मध्ये आधीच्या नियमात बाहेर काढलं, तिने दाद मागितली, 2015 मध्ये तो नियम स्थगित झाला, आणि 2018 चा नियम आला तेव्हा तिची 100 मीटरची शर्यत त्यात नव्हतीच. म्हणजे एकच शरीर, कागदावर आधी बाई, मग नाही, मग परत बाई. खेळात गट लागतात हे मला मान्य आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण 10 वरून 2.5 पर्यंत सरकणारी रेघ बैठकीत बसलेली माणसं मारतात, निसर्ग नाही, आणि ज्यांनी मारली त्यांना ती कशासाठी, कोणाला बाहेर ठेवून मारली हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. आपल्याकडे 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता दिली आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला, तेही याच प्रश्नाचं एक उत्तर.

असाइनमेंट लिहायची असेल तर पुस्तकातल्या जोड्या परत उतरवू नका, सरांना त्या पाठ आहेत. कोथरूड-कर्वेनगरला चक्कर मारा आणि भाड्याच्या फ्लॅटच्या पाट्या वाचा, 'फक्त फॅमिली, बॅचलर नको'. मग दोन-चार एजंटांना फोन करून विचारा की दोन बहिणी फॅमिली का? विधवा आई आणि नोकरी करणारी मुलगी? घटस्फोट झालेली बाई आणि तिचा लहान मुलगा? दोन मैत्रिणी? एकटा विधुर म्हातारा? कोणाला हो म्हणतात, कोणाला "मालकांना विचारून सांगतो", आडनाव कोणत्या वाक्याला विचारतात, भाडं कोणाला वाढवून सांगतात, सगळं तारखेसकट लिहून काढा आणि मग ते घेऊन थिअरीकडे या.